कॉलरला टोचलेली नळी

ही गोष्ट रचलेली नाही. जिथे घडली ते घर माझ्या घरापासून तिसरं, आणि जिच्यासमोर घडली तिच्या हातची कॉफी मी आजही पितो. तिनं सांगितलं तसं सांगतो. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

११ जानेवारी २०१९. शुक्रवार, दुपारचे साडेतीन.

मिनेसोटाच्या उत्तरेला आमचं लोखंडाच्या खाणींचं गाव. त्या दिवशी पारा उणे पस्तीसवर उतरला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

हेल्मी कांगस स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभी होती. आतल्या खोलीत तिचे बाबा, रायनो, विव्हळत होते.

वय सत्त्याऐंशी. फुप्फुसाचा कॅन्सर. डॉक्टरांनी हात टेकले, म्हणून त्यांना घरी आणलेलं. दर चार तासांनी जिभेखाली मॉर्फिनचे थेंब द्यायचे. पण सकाळी हेल्मीच्या हातून बाटली निसटली आणि होतं नव्हतं ते औषध फरशीवर सांडलं. नवी बाटली घेऊन नर्स जोलीन निघाली, तर तिची गाडी बर्फात रुतली.

"अजून तासभर तरी लागेल गं," जोलीन फोनवर म्हणाली.

हेल्मीला तो तास डोंगराएवढा वाटला. आणि त्याहून जड होतं ते तिचं सोमवारचं बोलणं.

ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

रायनो एकोणीस वर्षांचे असताना कोरियाच्या लढाईत होते. डिसेंबर १९५०. थंडी अशी, की बंदुकीला हात लावला तर कातडी चिकटून यायची. एका सकाळी टेकडीवर तोफगोळा जवळ फुटला आणि लोखंडाचा तुकडा त्यांच्या डाव्या मांडीत घुसला.

त्यांच्या तुकडीत जखमींना बघणारा एक पोरगा होता. डेलबर्ट स्ट्राउड, आर्कान्सातला. त्या थंडीत मॉर्फिनसुद्धा गोठायचं, म्हणून सुई लावलेल्या त्याच्या इवल्याशा पत्र्याच्या नळ्या डेलबर्ट तोंडात धरून फिरायचा. गाल कायम फुगलेले, बोलणं सगळं बोबडं. सगळे त्याला 'गालफुग्या' म्हणायचे.

त्या सकाळी त्याच्या तोंडात चार नळ्या होत्या. एक त्यानं काढली, रायनोंना टोचली आणि रिकामी नळी त्यांच्या कॉलरला लावली. तशी पद्धतच होती. पुढच्या माणसाला कळावं, याला औषध मिळालंय, पुन्हा दिलं तर मरेल. मग एका चिठ्ठीवर जखमेची नोंद करून ती रायनोंच्या बटणाला बांधली.

दहा पावलं गेला असेल. दुसरा गोळा त्याच्यावरच पडला.

चिठ्ठी वाटेत कुठेतरी पडली. नळीही गेली. जखम गोठली होती, रक्ताचा थेंब नाही, आणि पाय काळेनिळे पडलेले. इस्पितळात कुणीतरी कार्डावर एकच शब्द लिहिला. हिमदंश.

लढाईत शत्रूच्या हातून जखमी झालेल्याला इकडे पर्पल हार्ट नावाचं पदक देतात. हिमदंशाला देत नाहीत.

रायनोंनी चार वेळा अर्ज केला. एक्स-रेमध्ये तुकडा स्पष्ट दिसायचा. उत्तर यायचं, आपण तीस वर्षं लोखंडाच्या खाणीत होता, तुकडा तिथलाही असू शकतो. डोळ्यांनी पाहिलेले दोन साक्षीदार आणा. साक्षीदार कुठून आणणार? पाहणारा एकच, आणि तो त्या टेकडीवर राहिला.

माजी सैनिकांच्या हॉलमध्ये क्लिफर्ड नावाचा एकजण दर वेळी छेडायचा. "काय रे रायनो, मी रात्रभर अंगणात उभा राहिलो तर मलापण देतील का पदक?" सगळे हसायचे. रायनोही हसायचे. पण गेली सहा वर्षं त्यांनी त्या हॉलची पायरी चढली नव्हती.

सोमवारी चौथा नकार आला. हेल्मी थकली होती. औषधं, रात्रीची जागरणं, त्यात तेच पत्र. तिच्या तोंडून निघून गेलं...

"बाबा, सोडा ना आता. कदाचित थंडीच असेल ती."

रायनोंनी तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड केलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. आयुष्यभर जिनं एकटीनं विश्वास ठेवला, तीही आता त्यांच्या बाजूला उरली नव्हती.

तर, शुक्रवारचे साडेतीन. हेल्मीनं फोन ठेवला.

आणि तिला जाणवलं...

विव्हळणं थांबलं होतं.

ती कान देऊन उभी राहिली. घर तापवणाऱ्या भट्टीची घरघर चालू होती. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. आणि आतल्या खोलीतून...

टिक्... टिक्...

दातांवर काहीतरी आपटत होतं. कुणी गोळी चघळावी तसं. बाबा दात वाजवतायत, तिला वाटलं. थंडीनं असेल.

मग तिची नजर समोर गेली. सिंकजवळच्या ग्लासात, पाण्यात...

बाबांची कवळी होती. वरची आणि खालची.

त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता.

टिक्...

 तेवढ्यात बाबांचा आवाज आला. स्पष्ट, तरणा, हसरा. असा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता.

"आधी तोंडातलं काढ, गालफुग्या. मग बोल."

त्यावर कुणीतरी काहीतरी बोललं. बोबडं. तोंड भरलेल्या माणसासारखं.

ती कशीबशी दारापर्यंत गेली.

खोलीत कुणी नव्हतं. खिडकीच्या काचेवर बर्फ साचला होता, तोही आतल्या बाजूनं. तिच्या तोंडातून वाफ निघाली. बाबा शांत पडून होते. भुवया सैल, मुठी सुटलेल्या. पांघरूण डाव्या मांडीवरून नीट बाजूला केलेलं होतं. जखम बघायला करतात तसं.

आणि त्यांच्या शर्टाच्या कॉलरला...

पत्र्याची एक इवलीशी नळी टोचलेली होती. चपटी, पिळून रिकामी केलेली.

तिनं बोट लावलं. नळी ओली होती.

आणि कोमट.

"त्यानं पाहिली गं," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "परत पाहिली. म्हणाला, तुकडाच आहे."

हेल्मीला कितीतरी बोलायचं होतं. माफी मागायची होती. पण ती त्यांचा हात धरून बसली आणि तोवर बाबांना झोप लागली.

जोलीन पोचली तेव्हा पाच वाजत आले होते. तिनं घाईघाईनं नवी बाटली उघडली. हेल्मीनं तिचं मनगट धरलं.

"नको. त्यांना दिलंय."

"कुणी दिलं?"

हेल्मीनं मनगट सोडलं. जोलीननं बॅटरी लावून रायनोंचे डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मॉर्फिननंच होतात तशा. तिनं बाटलीचं झाकण परत लावलं.

रायनो संध्याकाळी सहाला गेले. झोपेतच.

हेल्मी तेव्हापासून एकच वाक्य मनात घोळवते. थंडी नव्हती ती, बाबा. चार शब्द जास्त नाहीत, पण वेळेवर निघाले नाहीत.

मार्चमध्ये तिनं पाचवा अर्ज केला. मेलेल्या माणसाच्या नावानंही पदक देतात. सोबत नळी जोडली, आणि साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव घातलं.

पुढच्या हिवाळ्यात उत्तर आलं. तुम्ही जखम होताना डोळ्यांनी पाहिली नाही, म्हणून तुमची साक्ष धरता येत नाही. नळीची बनावट त्या काळातली आहे, पण पत्रा अगदी कोरा आहे. गंज नाही, डाग नाही. ती सत्तर वर्षांपूर्वीची असू शकत नाही. सबब परत पाठवत आहोत.

पदक आलं नाही. आता येणारही नाही.

पाकीट आलं त्या दिवशी हेल्मीनं मला बोलावून घेतलं. नळी माझ्या तळहातावर ठेवली. दहा दिवस टपालात, उणे तापमानात फिरून आलेली ती नळी...

कोमट होती.

मी ती टेबलावर ठेवली. तिनं ती बाबांच्या शर्टाच्या कॉलरला परत लावली. तो शर्ट अजून त्याच पलंगावर घडी घालून ठेवलेला असतो.

हिवाळ्यात कधी दुपारी मी तिच्याकडे कॉफीला बसतो. बोलता बोलता ती मध्येच थांबते आणि आतल्या खोलीकडे बघते. मीही ऐकतो.

टिक्...

गालफुग्याच्या तोंडात अजून दोन नळ्या आहेत. तो कुणासाठी थांबलाय, हे आम्ही एकमेकांना कधी विचारत नाही. ती सत्तरीला आली, मी तर तिच्याहून मोठा. हेल्मी फक्त उठते, भट्टी थोडी वाढवते आणि त्या खोलीचं दार उघडं ठेवते.

"गारठला असेल गं पोरगा," ती स्वतःशीच म्हणते.