सुटायचा राहिलेला पुडा

पोंभुर्ण्याजवळच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या केंद्रावर, मुन्शी पवन लोकांनी तोडून आणलेल्या तेंदूपत्त्याचे पुडे उलटून पाहत होता. करिश्माच्या पुड्यांत एक भलताच निघाला — दोनच पानं, सालीच्या दोरीनं बांधलेली, वर काट्यानं कोरलेलं. एकावर डेझर्ट, मागं वाळवंट. दुसऱ्यावर डिझर्ट, मागं जेवणानंतरचं गोड.

करिश्मा लाजून पार कानकोंडी झाली. मग तिनं सांगून टाकलं. नागपूरच्या नर्सिंगच्या परीक्षेत गेल्या वर्षी असल्याच जुळ्या शब्दांनी तिचा घात केला होता. आता ती एकेक जोडी बांधून ठेवायची, पक्की झाली की सोडायची.

पवन इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला. रोज दुपारी, पुडे वाळत पडले की, मोहाच्या झाडाखाली तो तिला एकेक जोडी विचारू लागला.

"तेंदू न् पळस तू हातानंच ओळखते ना? मंग शब्द बी तसेच हाताळ," तो म्हणाला.

अफेक्ट-इफेक्ट सुटलं, ॲडव्हाइस-ॲडव्हाइजही सुटलं. पुडा सुटला की पवन गालात हसायचा, आणि त्या हसण्यासाठी ती रात्रभर घोकायची. पण पुड्यागणिक नागपूर जवळ येत होतं, नि नागपूर म्हणजे पवन नाही... एवढं सरळ गणित तिला छळत होतं. पहिला पुडा मात्र काही केल्या सुटेना. वाळवंट विचारलं की ती गोड सांगायची, तेही मान खाली घालून. चोराच्या मनात चांदणं.

हंगामाचा शेवटचा दिवस आला. फळी रिकामी झाली. पवननं तोच पुडा समोर धरला.

"हे तुले पहिल्या दिवसापासून येते. मांगं तूच लिवलं होतं. काऊन चुकून राह्यली?"

ती बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

"हा सुटला तर मंग तू मले रोज शब्द इचारशीन काय?" ती म्हणाली. "मले जायचं बी हाये, पवन... अन् तुले सोडून जायचं नाई."

पवनचे डोळे भरले. मग त्यानं हलक्या हातानं गाठ सोडली, एक पान तिच्या तळहातावर ठेवलं, दुसरं खिशात टाकलं.

"मले बी तू लय आवडते. म्हनूनच गाठ सोडली," तो म्हणाला. "परीक्षा देऊन ये. हे दोरी मी जपून ठेवतो."