अकरावा खड्डा

इराकमधल्या समावाच्या जुन्या बाजारात नश्मियाचं जडीबुटीचं दुकान तीस वर्षं चाललं, ते काही तिच्या गोड बोलण्यामुळे नव्हे. बाई फटकळ होती. कुणी इंद्रावण मागायला आलं, तर "पोट साफ करायचंय की सासू?" असं भर दुकानात विचारायची आणि उत्तर पटल्याशिवाय पुडी बांधायची नाही. पण तिच्या हातची पुडी कधी चुकली नव्हती. कोणती मुळी किती घेतली तर गुण येतो आणि वर चिमूटभर पडली तर कफन शिवावं लागतं, हे तिला पाठ होतं.

मग एका सकाळी तिनं ओव्याऐवजी विषारी खुरासानी ओवा तोलला. पोटदुखीच्या औषधाला आलेल्या म्हातारीनंच पुडी नाकाशी धरून विचारलं, "पोरी, हा वास कसला गं?" म्हणून निभावलं. नश्मियानं पुडी परत घेतली, दुकानाचं दार लावलं आणि पोत्यांमध्ये बसून रडली. वर्षभर डोळ्यांत धुकं दाटत होतं. ते ती जगापासून लपवत होती आणि थोडंफार स्वतःपासूनही.

बगदादच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नस सुकत चालली आहे, चिरफाडीचा उपयोग नाही. बातमी कळताच तिचा दीर मुतलक दुकानात हजर झाला. नश्मियाचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि मुतलकची नजर नऊ वर्षं या दुकानावर होती.

"वहिनी, तुम्ही आता आराम करा. दुकान मी बघतो."

"तू? तुला बडीशेप आणि जिरं ओळखायला बायको लागते."

"मला निदान दिसतं तरी."

"मला नाही दिसत. पण तू दात काढतोयस ते ऐकू येतंय."

मुतलक चिडला. ईदच्या दिवशी किल्ल्या न्यायला येतो, असं चार माणसांत सांगून गेला. ईदला दीड महिना होता.

नश्मियानं दुसऱ्या दिवशी गाडी ठरवली आणि वाळवंटात खज़नाच्या तंबूवर गेली. खज़ना, म्हणजे हमदची आई, म्हणून नश्मियाची 'उम्म हमद', मेंढ्या राखायची आणि वीस वर्षं नश्मियाला हरमळ, इंद्रावण, जे मिळेल ते आणून द्यायची. त्या वर्षी पावसाळ्यात गडगडाट खूप झाला होता आणि गडगडाट झाला की वाळूखाली चिमे धरतात. चिमा म्हणजे बटाट्याएवढं अळंबं, जमिनीबाहेर कधीच न येणारं. भाजून खातात. उकळून पिळलेलं त्याचं पाणी सुरम्यात खलून डोळ्यांत घालतात; कच्चं घातलं तर आहे तो डोळाही जातो. नश्मिया स्वतः ते पाणी विकायची. "डोळ्यांची आग होत असेल तर ने," असं सांगायची, "आणि याने आंधळ्याला दिसतं असं कुणी म्हणालं, तर त्याला माझ्याकडे पाठव." आता तीच त्या पाण्यासाठी निघाली होती आणि स्वतःवर भयंकर चिडली होती.

"जवळ एक खळगा आहे," खज़ना म्हणाली. "चिमे उदंड आहेत. पण मेंढ्या तिथं तोंड लावत नाहीत."

"उम्म हमद, मला मेंढ्यांचं मत नको, चिमे हवेत."

"काढ की. पण काढलास की खड्डा बुजव. आमच्यात कुणी उघडा ठेवत नाही."

"का?"

"का काय? माझी आई बुजवायची."

"तुझी आई तंबूच्या खुंटीलाही सलाम करायची."

खळगा उथळ होता. काठावर वारा होता, आत उतरल्यावर नव्हता. नश्मियाची अबाया अंगावर सरळ लोंबत राहिली. तिला भेगा दिसणार नव्हत्या, म्हणून तिनं चपला काढल्या आणि तळव्यांनी जमीन चाचपत चालली. फुगून तडकलेली माती पायाला बरोबर कळते. वीतभर खोदलं की थंड, गुळगुळीत चिमा हाताला लागायचा. असे तिनं अकरा काढले. एकही खड्डा बुजवला नाही. माझी नजर नेली त्यानं मला विचारलं होतं का, मग मी का कुणापुढे वाकू, असा तिचा सरळ हिशोब होता. खज़ना काठावर उभी राहून काहीतरी पुटपुटत होती.

आठ चिमे उकळले, तीन राखून ठेवले. औषध फक्त डाव्या डोळ्यात घातलं. "एका वेळी एकच डोळा," ती खज़नाला म्हणाली, "म्हणजे गुण औषधाचा की नशिबाचा ते कळतं." तिला गुणाची आशा नव्हतीच.

तिसऱ्या सकाळी तिला तंबूच्या बकरीच्या केसांनी विणलेल्या कापडातला एकेक केस दिसला. मग चहाचं भांडं, मग खज़नाचा चेहरा.

"उम्म हमद, तुझ्या हनुवटीवर सहा ठिपके गोंदलेत. मी आयुष्यभर पाच समजत होते!"

दोघी गळ्यात पडून रडल्या, मग हसल्या. सुकलेली नस पुन्हा कशी जिवंत झाली, हे नश्मियाला कळेना. कळत नाही ते तिला आवडत नसे, पण त्या दिवशी चाललं.

उजव्या डोळ्यासाठी अजून चिमे हवेत म्हणून त्या दुपारी दोघी खळग्याकडे गेल्या. अकरापैकी दहा खड्डे बुजलेले होते. माती नुसती पडली नव्हती, वरून थापली होती. अंगठ्यांचे ठसे होते. तीन आठवडे पाऊस नव्हता आणि माती ओली होती.

"तू बुजवलेस?"

"माझ्या हमदची शपथ, नाही."

अकरावा उघडा होता. नश्मियानं तो वीतभर खोदला होता. आता तिनं आत हात घातला तर खांद्यापर्यंत गेला आणि तळ लागला नाही. माठाच्या तोंडातून येते तशी गार हवा वर येत होती.

"उंदीर असेल."

"उंदीर थापून बुजवतात का गं?" खज़नानं तिचा दंड धरला. "उरलेले तीन चिमे यात टाक आणि बुजव. तुझ्या डोक्याची शपथ. एक डोळा मिळाला ना, पुरे की."

"अल्लानं दोन दिले होते. मी दोन घेणार."

ती वाकली आणि खड्ड्यात ओरडली, "ऐकतंय का कुणी? डोळा माझा होता, माझाच आहे!"

आवाज आत गेला. परत आला नाही.

तीन चिमे घेऊन नश्मिया समावाला परतली. ईदला मुतलक दोन माणसं घेऊन किल्ल्या न्यायला आला. तिनं सगळ्यांसमोर थाळीत मूठभर ओवा आणि मूठभर खुरासानी ओवा एकत्र केला, काडीनं दाणा न् दाणा वेगळा केला आणि थाळी पुन्हा कालवून त्याच्यापुढे सरकवली. "आता तू कर. चुकलास तर तूच खायचा." सगळा बाजार हसला. मुतलक चहा न घेता गेला. नश्मियाला इतका आनंद लग्नातही झाला नव्हता.

उजव्या डोळ्यात ती रोज सकाळी औषध घालत होती. तिथलं पांढरं धुकं आधी राखाडी झालं, मग तपकिरी. औषध मुरतंय, असं ती स्वतःला सांगायची.

महिन्याभरानं खज़ना हरमळाची मोळी घेऊन दुकानात आली. दुपारची वेळ होती, बाहेर गजबज होती. ती बसली, पण चहाला हात लावला नाही.

"तो खड्डा वाढत होता. मी तुला कळवलं नाही. परवापर्यंत माणूस उभा मावेल एवढा झाला होता."

"बरं मग?"

"आज पहाटे बघितलं. बुजायला लागलाय. आसपास कुणी नाही, पण माती पडतेय, थापली जातेय."

नश्मिया मोठ्यानं हसली. "दमले बघ. मी म्हणाले नव्हते?"

"नश्मिया, रिकामा खड्डा इतका सांभाळून कुणी भरतं का गं?"

"घाबरट आहेस. थांब, तुला दाखवते, उजवाही सुधारतोय." तिनं डावा डोळा तळहातानं झाकला.

तपकिरी रंग नव्हता. काळोख होता.

तिनं मान वर केली. खूप उंचावर बशीएवढं आकाश दिसत होतं.

कडेवरून डोकी वाकली होती. एकानं मातीची ओंजळ पुढे केली.

नश्मियानं पापणी मिटली नाही. ओंजळ रिकामी होईपर्यंत ती बघत राहिली.

मग तिनं हात काढला. दुकान होतं, बरण्या होत्या, ऊन होतं.

"काय दिसलं?" खज़नानं विचारलं.

"आकाश. सांगितलं ना, सुधारतोय." नश्मियानं मोळी तराजूत टाकली. "आणि हरमळ कमी भरलंय. मला आंधळी समजलीस काय?"

उजव्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं. तिनं ते बाहीनं पुसलं. बाहीवर ओली माती आली. तिनं बाही आतून दुमडली आणि दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला काय हवंय ते विचारलं.