चौथी डबी

जरा जवळ सरका, हे मोठ्यानं सांगवत नाही.

त्या सकाळी ताईच्या चपला मी पिशवीत घालून तिच्या कॉटखाली ठेवल्या. "हरवू नकोस, नव्या आहेत," ती म्हणाली. तासाभरात स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, आणि बाईसाहेबांचा जीव चपलांत! स्ट्रेचर हललं तेव्हा मात्र तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "तूच बघणार ना गं? आईसारखं व्हायला नको."

मी त्याच रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट आहे. हा रोग पसरायला लागला की बहुधा आधी काखेतल्या गाठींत शिरतो. सर्जन निळं औषध टोचतात, ते ज्या गाठींत पहिल्यांदा पोचतं त्या काढून माझ्याकडे पाठवतात. मी त्या गोठवून, कापून, सूक्ष्मदर्शकाखाली बघून इंटरकॉमवर सांगते. स्वच्छ असल्या तर काख शिवून टाकतात. आईच्या काखेत एक राहून गेली होती. दोन वर्षांत आई गेली.

घरच्या माणसाचं आपण तपासू नये असा आमच्यात दंडक. पण माझे सहकारी तापानं आडवे झाले होते. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. दुधानं तोंड पोळलेल्या माझ्याइतकं फुंकून कोण पिणार होतं?

शस्त्रक्रियेच्या खोलीकडच्या भिंतीतल्या खिडकीतून गाठींच्या तीन डब्या आल्या. तिन्ही स्वच्छ. तसं कळवलं आणि भर दिवसा, त्या औषधी वासाच्या खोलीत, मी एकटीच रडले. डोळे पुसून बघते तर खिडकीत चौथी डबी.

माझी एक सवय आहे. कुठलं टोक कुठे ते कळावं म्हणून गाठीला एक खाच पाडते आणि तिथे हिरवी शाई लावते. या रुग्णालयात दुसरं कुणी असं करत नाही. तशी खाच पाडली, शाई लावली, चकती कापली. काचेवर बघितलं. गाठ कर्करोगानं गच्च भरली होती.

"चौथी वाईट आहे," मी इंटरकॉमवर म्हटलं.

"चौथी कुठली? आम्ही तीनच पाठवल्या," सर्जनबाई म्हणाल्या. "टाके घालतेय मी."

"डबीवर ताईचा नंबर आहे..."

"अक्षर कुणाचं?"

मी डबी उजेडात धरली. अक्षर माझंच होतं.

"बाई, गच्च भरलेल्या गाठीत कधीकधी निळं शिरतच नाही. बोटानं चाचपा ना. एकदाच..."

"तू दमलीयस. बाहेर जाऊन बस."

"पाया पडते तुमच्या! माझी नोकरी घ्या, पण काख शिवू नका..."

इंटरकॉमवर कात्रीचा आवाज आला. गोठवायचं यंत्र घुरघुरत होतं. माझी बोटं इतकी गार पडली होती की मिटेनात.

"आहे," बाई हळूच म्हणाल्या. "शिरेच्या मागे... खोल. काढली." आणि बऱ्याच वेळानं, "अगं... ही आधीच कुणी कापलीय? हिला खाच आहे... आणि हे हिरवं काय?"

मी वळून टेबलाकडे बघितलं. डबी कोरडी होती. काच कोरी होती.

बाईंनी काखेतल्या उरलेल्या गाठीही काढून टाकल्या. 'ताई वाचेल,' असं मी जिना चढताना स्वतःला दहादा बजावलं.

ताई शुद्धीवर आली तेव्हा मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते.

"तुझा हात किती गार गं," ती पुटपुटली.

"मी कुठे धरलाय तुला?"

"मघाशी... काखेत. चाचपडत होतीस." तिनं डोळे उघडले नाहीत. कण्हत कूस बदलायला बघितलं, पण तिला वळता येईना. "सापडली ना? मग काढ ना गं आता हात... दुखतंय."

माझ्या दोन्ही हातांत तिच्या चपलांची पिशवी होती.