जाईबाईचं पान

देवाशप्पथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे! नातवंडं मला थापाडी म्हणतात. म्हणू देत.

रात्रीबित्रीची गोष्ट नाही ही. भरदुपारची. मागच्या चैत्रातली, आमच्या लालबागची.

चाळ पाडून बावीस मजल्यांचा टॉवर झाला. घरोघरी पाइपचा गॅस आला. तो म्हणे समुद्राखालून येतो. खाली मागच्या अंगणात मात्र सोसायटीची टाकी आहे. सगळ्यांच्या खरकट्याची हिरवी बादली त्यात ओततात, ते कुजतं, त्याचा गॅस होतो. त्यावर बालवाडीची खिचडी शिजते.

टाकी बघायचा राकेश. खिचडी करायची त्याची आई, जाईबाई. चाळीत चाळीस वर्षं माझ्या समोरची खोली तिची.

दम्याने गेली बिचारी.

तेराव्याला गच्चीवर तिचं पान ठेवलं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर. खाली सगळे उपाशी, राखणीला मी.

ऊन असं की टाळू तापली. तासाभराने आला कावळा. काळाभोर. वड्याला चोच लावली नि उडाला.

मी खाली येऊन ओरडले, "शिवला गो, शिवला! वाढा पानं!"

गच्चीवरचं पान हिरव्या बादलीत गेलं. बादली टाकीत.

चौथ्या दिवशी खिचडी मी टाकली. शेगडी पेटवली. आणि…

सुंई… सुंई…

जाईबाईच्या छातीतला आवाज!

ज्योत निळी, ताव चांगला. तासाभराने झाकण काढलं…

तांदूळ कच्चा. पाणी थंडगार.

तेच पातेलं वर माझ्या घरी नेलं. पाइपच्या गॅसवर वीस मिनिटांत शिजलं.

राकेश ज्योतीकडे बघत बसला. "मावशी, गॅस सगळा मेलेल्यांचाच असतो. तो समुद्राखालचा लाखो वर्षांपूर्वीच्यांचा. हा…"

"गप रे मेल्या!"

"कावळा शिवला होता ना?"

"ह्या डोळ्यांनी बघितला."

टाकी उपसली. धुतली. नवं शेण घालून सुरू केली.

पुन्हा तेच.

शेवटी राकेशने शेगडीची नळीच काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी साडेबारा वाजले… आणि त्या विझलेल्या शेगडीतून…

सुंई… सुंई…

तेव्हा आणखी एक लक्षात आलं. आवारात कावळे नव्हते. एकसुद्धा नाही.

राकेश आता रोज दुपारी शेगडीसमोर पान वाढतो. "आई, काय राहिलं गो? गावचं घर नाही विकत, बस? पोरीला तुझं नाव ठेवू?"

सुंई…

"तू जेवल्याशिवाय मी जेवणार नाही, आई."

आधी दुपारचं सुटलं. मग रात्रीचं. पँट सुतळीने बांधतो पोरगा.

परवा त्याने माझा हात धरला. हात कसला, काड्या नुसत्या. "मावशी, नक्की शिवला होता ना? मग आईला माझ्याकडून हवंय तरी काय?"

"शिवला रे बाबा."

शेगडी एकदम गप्प झाली.

कान देऊन ऐकत असल्यासारखी.

तर हे असं आहे. टाकी खरी, आवाज खरा, कच्चा तांदूळ खरा. राकेशची सुतळीसुद्धा खरी.

फक्त तो कावळा…

तेवढा मी बनवला. आता कबूल करून तरी काय? शिवायला कावळाच उरला नाही.

ऊन फार होतं हो. आणि मला भूक लागली होती.