गप! रुचिका झोपलीय

प्रेमात पडलं की झोप उडते म्हणतात. माझं सगळंच उलटं. मला झोप लागली... भर सकाळी, चार लोकांत, तोंड उघडं टाकून.

गोदामात माझी रात्रपाळी. रात्रभर खोक्यांवरचे कोड स्कॅन करायचे, सकाळी शेलार गावात घरी यायचं, चहा घशाखाली ढकलायचा आणि रविवार असला की गोदूतायला घेऊन रिक्षाने भिवंडीच्या मैदानावर. गोदूताय माझी मोठी बहीण. वयाने मोठी, आई गेल्यापासून मोठेपणा मात्र माझ्या गळ्यात. तिला जग जरा सावकाश कळतं, आणि जगाला ती त्याहून सावकाश.

मैदानावर बोची नावाचा खेळ चालायचा. एक छोटा पांढरा चेंडू टाकायचा, गोदूताय त्याला सुपारी म्हणायची, आणि मग दोन्ही संघांनी आपापले मोठे चेंडू घरंगळवत त्याच्याजवळ न्यायचे. ज्याचा सगळ्यात जवळ, तो जिंकला. प्रत्येक संघात निम्मे खेळाडू गोदूतायसारखे आणि निम्मे, आपल्याला सगळं कळतं असं वाटणारे.

पहिल्याच रविवारी मी प्लास्टिकच्या खुर्चीत टेकले, डोळे मिटले, आणि कानापाशी कुणीतरी ओरडलं, “ओ मॅडम! पाय!”

मी दचकून पाय वर घेतले. खुर्चीखालून चेंडू गेला. समोर एक उंच मुलगा उभा, केसांत कापसाचे तंतू अडकलेले, आणि हसत होता.

“ओरडता कशाला? मी काय बहिरी आहे?”

“तुम्ही नाही ओ, मी आहे अर्धा,” तो तितक्याच मोठ्याने म्हणाला. “कापड विणायचे घरचे लूम आहेत आमचे. लहानपणापासून त्या खटखटीत बोलायची सवय. हा माझा हळू आवाज आहे.”

“मग मोठा काढू नका.”

“विपुल.”

“मी नाव विचारलं नव्हतं.”

“सांगून टाकलं. परत झोपलात तर राहून जाईल.”

आगाऊ! मी मान फिरवली. फिरवलेल्या मानेनेच परत झोपले.

विपुल गोदूतायच्याच संघात होता. लूम चालू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथे माणसं हातांनी बोलतात. तेच हातांचं बोलणं त्याने संघाला शिकवलं होतं. तळहात खाली म्हणजे हळू. मूठ म्हणजे थांब. दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर चोळली म्हणजे धागा तुटलाय, जोड.

“हे शेवटचं खेळात कशाला लागतं?” मी विचारलं.

“कुणाकुणाचं भांडण होतं ना... तेव्हा लागतं.”

गोदूताय ते सगळं पटकन शिकली. मला काही जमेना. झोपलेल्या माणसाला कोण शिकवणार?

त्याने कारखान्यातून सुताची एक कांडीही आणून दिली होती. ती गोदूतायच्या ताब्यात. दोन चेंडू सारखेच जवळ दिसले की ती गुडघे टेकून सूत ताणायची, डोळे बारीक करायची आणि निकाल द्यायची. आमच्या कोच मेघाली मॅडमही तो निकाल मोडत नसत.

मग एका रविवारी पाहते तो माझी खुर्ची आधीच पिंपळाच्या सावलीत. त्याच्या पुढच्या रविवारी खुर्चीच्या पाठीवर कोऱ्या कापडाचा तुकडा. खळीचा कडक वास येत होता त्याला.

“हे काय?”

“तोंडावर घ्यायला. माश्या बसतात.”

“माझ्या तोंडावर माश्या बसतात हे तुम्ही बघत बसता?”

“छे! खेळ चालू असतो ना...” त्याचे कान लाल झाले. “मधे मधे बघतो.”

शेजारच्या खुर्चीवरच्या रंगूबाई फिस्सकन हसल्या. त्या आमच्याच आळीतल्या. त्यांची भाविका याच संघात खेळते. “रुचिका,” त्या म्हणाल्या, “यो पोरगा सुपारी सोडून तुझ्याकडंच बघतो. सूत जुलला वाटतं तुमचा!”

गोदूतायने ते ऐकलं. सुताचा विषय म्हणजे तिचाच. ती कांडी घेऊन आली, एक टोक माझ्या खुर्चीला लावलं, दुसरं विपुलच्या बुटाशी नेलं, आणि मान हलवली.

“न्हाय जुलला. लय लांब हाय.”

अख्खं मैदान हसलं. विपुल सगळ्यात मोठ्याने. मी कापड तोंडावर ओढून घेतलं, पण आत मीही हसत होते. त्या दिवशी झोप जरा उशिराच लागली.

आणि मग गोदामात नव्या पाळ्या लागल्या. मला रविवारची दिवसपाळी, पुढच्याच आठवड्यापासून. बाबा पहाटेच शेतावर जातात. गोदूतायला मैदानावर आणणार कोण? म्हणजे तिचा खेळ बंद. मी तिला काही सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार? वर्षभर ती रविवार ते रविवार जगत होती. आणि खरं सांगायचं तर... मीही.

त्या शेवटच्या रविवारी अंबाडी गावचा संघ आला होता. जिंकेल तो ठाण्याला जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार. मी ठरवलं होतं, पोचल्या पोचल्या मेघाली मॅडमना सांगून टाकायचं. फक्त क्षणभर टेकते. कापड घेतलं, खळीचा वास आला...

जाग आली ती शांततेने. कावळे ऐकू येत होते. एवढी माणसं असलेल्या मैदानावर कावळे? मी कापड बाजूला केलं.

दोन्ही संघ उभे होते, हात वर करून बोटं नाचवत. कुणाच्या तोंडून आवाज नाही. भाविकाने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. मधोमध गोदूताय, डोक्यावर सूत ताणून. आणि विपुल, तो भोंग्यासारखा ओरडणारा विपुल, सगळ्यांकडे तोंड करून उभा होता, ओठांवर बोट ठेवून.

“काय झालं?” मी ओरडले.

त्यासरशी मैदान फुटलं. शिट्ट्या, टाळ्या, दाबून ठेवलेला सगळा कल्ला. गोदूताय धावत आली.

“जिकली मी! सूतभर जवल! तू निजलेली, म्हनून विपुलनं सगल्यांना गप केला.”

मला रडूच फुटलं. तिच्या विजयाला मी झोपले होते, आणि आता उठून तिला काय सांगणार होते! पण सांगितलं. तिथेच, सगळ्यांसमोर, नाक ओढत. “मॅडम... गोदूतायला आता नाही जमणार यायला. माझी रविवारी ड्युटी लागलीय.”

विपुल पुढे आला. आता म्हणेल, मी आणतो. माझा नकार तयार होता. माझी बहीण आहे, माझं मी बघेन. आजवर सगळ्यांना हेच तर सांगत आले होते.

पण तो हळू आवाजात म्हणाला, खरोखरच हळू, “तू गोदूताईंना विचारलंस?”

“तिला काय विचारायचं? ती एकटी कशी...”

“मना कोनी इचारलाच न्हाय,” गोदूताय म्हणाली. “मी रंगूबायसंग येन. तिची रिक्षा आपल्या घरावरनंच येते.”

“मंग काय!” रंगूबाई म्हणाल्या. “भाविकाला आनतेच की मी. तू कदी बोललीसच न्हाय, बाय.”

गोदूतायने माझ्या डोक्यावर हात ठेवला. “तू जा ड्युटीला. लय दमलीस तू.”

क्षणभर लागलं मला. माझ्यावाचून हिचं पान हलत नाही, याच भरवशावर तर मी उभी होते. मग इतकं हलकं वाटलं की मी मटकन खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत मी दमलेय हे कुणी बोललं नव्हतं. मीसुद्धा.

गोदूताय सोडून सगळे चहाकडे वळले. विपुल एक खुर्ची घेऊन आला आणि जरा लांबच बसला. नुसती दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर चोळत राहिला.

“तोंडाने बोल की.”

“तोंडाने बोललो तर अख्ख्या भिवंडीला कळेल.”

“ताय, काय म्हणतोय हा?” कळलं होतं, तरी मी विचारलं.

गोदूतायने त्याच्या हातांकडे नीट पाहिलं. “इचारतो, जोडायचा का?”

छातीत धडधडायला हवं होतं. मला जांभई आली. मी ती कशीबशी गिळली. “विपुल... तुझ्याजवळ मला झोप येते.”

त्याचा चेहरा पडला. “एवढा कंटाळवाणा आहे मी?”

“नाही रे वेड्या! बाकी कुठे लागतच नाही. घरी डोळा लागला तरी एक कान दाराशी असतो. तू असलास की... दोन्ही कान मिटतात.”

मी हात उचलले आणि बोटं चोळून पाहिली. चुकली. गोदूतायने माझी बोटं धरली, एकावर एक नीट लावली आणि म्हणाली, “आसा.”

मग तिने कांडी काढली. एक टोक माझ्या खुर्चीला, दुसरं त्याच्या.

“अजून लांब हाय.”

विपुलने खुर्ची सरकवली. तिने परत मापलं. त्याने परत सरकवली. 

“हां,” ती म्हणाली. “आता सूतभर.”

त्यानंतर विपुल काहीतरी बोलला. फार गोड असणार, कारण रंगूबाई अजूनही त्याची नक्कल करून दाखवतात. मी नाही ऐकलं. मला झोप लागली होती.