सावकाश धुवा, भावोजी

बघू तुझा नवा कॅमेरा. नवा कसला, माझ्या वयाचा दिसतोय! आणि या दोन बाटल्या? दोन्ही तपकिरी, दोन्ही सारख्या, आणि एकीवरही नाव नाही. शाब्बास, भाचीबाई. आज रात्री तू बाथरूम बंद करून रोल धुणार, तुझ्या या मैत्रिणी दाराबाहेर पहारा देणार, आणि सकाळी मला फोटो दाखवणार. चांगलं आहे. पण आधी थोडा वेळ इथे पायरीवर बसा. आतला दिवा बंदच असू द्या, डास येतात.

काय म्हणालीस? भुताची गोष्ट? छे. गोष्ट नाही, घडलेलं सांगतोय. ज्याच्या बाबतीत घडलं तो माणूस धडधाकट आहे, रोज माझ्या दुकानावरून कामाला जातो. उद्या हवं तर विचारा त्याला.

त्याला सगळे पटपट म्हणतात. लिफ्ट दुरुस्त करतो. कामाला वाघ, पण घाई इतकी, की शेवटचा घास तोंडात असतानाच चपला पायात. त्याचा थोरला भाऊ, दादा, अगदी उलटा. दादाचा फोटो स्टुडिओ माझ्या घड्याळांच्या दुकानाला लागून. पोटापाण्यासाठी पासपोर्टचे फोटो काढायचा, पण जीव सगळा फिल्मवर. चामड्याच्या कव्हरातला एक जुना कॅमेरा होता, त्याला कुणी हात लावायचा नाही. रोल धुण्यात मात्र त्याने धाकट्याला हाताशी घेतलं. काळोखात धाकट्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवून शिकवायचा. "फिल्मचा काठ धर. पोटाला बोट लावू नकोस. सावकाश."

तुम्हीही शिकताय तर ऐका, दादा काय सांगायचा. आधी डेव्हलपर, तो चित्र वर आणतो. मग फिक्सर, जे वर आलेलं नाही ते तो धुऊन काढतो. उलट केलंत तर तो सगळंच धुऊन काढेल. आणि फिल्मच्या कडेला कंपनीचे बारीक आकडे असतात. फोटो काढताना काहीही चुको, ते आकडे उमटतातच. दादा म्हणायचा, फोटो गेला तर काढणाऱ्याची चूक, आकडेही गेले तर धुणाऱ्याची.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये सकाळी दुकानाचं शटर वर करता करता दादा खाली बसला, तो उठलाच नाही. मीच धरलं होतं त्याला. कॅमेरा घरी राहिला, आत अर्धा रोल तसाच.

महिन्याभराने दादाच्या बायकोने, वहिनींनी, तो कॅमेरा पटपटच्या हातात ठेवला. "भावोजी, यात एकच फोटो आहे हो माझ्या कामाचा. हे गावभर फोटो काढत फिरले, पण लग्नानंतर आमचा दोघांचा असा एकही नाही. शेवटच्या रविवारी कॅमेरा शिलाई मशीनवर ठेवला, टायमर लावला आणि धावत माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. घर्रर्र... टक. आयुष्यात पहिल्यांदा धावताना बघितलं मी त्यांना." हसता हसता डोळ्यांना पदर लावला त्यांनी. "सावकाश धुवा हं, भावोजी."

आता त्या दिवशी त्याने फोन बंद ठेवायला हवा होता की नाही? काळोखात रोल रीलच्या चकरीवर चढवून डब्यात नीट भरला, उजेड शिरू न देणारं झाकण लावलं, आणि फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली होती, आत माणसं. खांद्यावर फोन, एका हातात डबा, दुसऱ्या हाताने बाटली उचलली आणि ओतली. आंबट वास आला तेव्हा हात थांबला. तो वास फिक्सरचा... तोवर बाटली रिकामी झाली होती.

फिल्म बाहेर काढली. काचेसारखी. फोटो नाही, रेघ नाही, कडेचे आकडेही नाहीत. तो बाथरूमच्या फरशीवर बसून राहिला. लिफ्टवाले फोन करून करून थकले.

खरं सांगायचं होतं. निघताना तेच ठरवून निघाला होता. पण वहिनींनी दार उघडलं, हात पुढे केला, आणि याची जीभ घसरली. "वहिनी, रोल कोराच आहे. दादाने लेन्सचं झाकणच काढलं नव्हतं."

मेलेल्या माणसावर ढकललं! तो काय परत येऊन साक्ष देतोय?

वहिनी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ती कोरी पट्टी घडी केलेल्या साडीत ठेवून दिली आणि कॅमेरा यालाच देऊन टाकला. "तुम्ही वापरा." पण नंतर जेव्हा जेव्हा भेटत, तेव्हा एकच. "मी लेन्समध्येच बघत होते हो. काचेत आमची खिडकी दिसत होती, बारीकशी. मग झाकण कसं असेल?" पुढे पुढे आवाज खाली गेला. "मलाच भास झाला असेल." एक दिवस तर डोळे तपासून आल्या. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मग डोकंच फिरलंय माझं."

पटपटचा घास उतरेना. खाई त्याला खवखवे. त्यात एक दिवस त्याने कॅमेऱ्याचं चामडी कव्हर पहिल्यांदा नीट उघडून बघितलं, आणि धावत माझ्याकडे आला. "काका, दादाच्या कॅमेऱ्याचं झाकण कुठे आहे?"

मी म्हटलं, "अरे, ते पंधरा वर्षांपूर्वी पुलावरून नदीत पडलं. मी बरोबर होतो. दादा हसला, म्हणाला, बरं झालं, आता काढायला विसरण्याची भानगडच नाही."

त्याचा चेहरा पांढरा पडला. मला तेव्हा कळलं नाही का ते. बिचाऱ्याला धड खोटंही बोलता आलं नव्हतं. नसलेल्या झाकणावर आळ घेतला होता त्याने.

आता नीट ऐका. नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार. रात्रीचे पावणेबारा. बायको माहेरी गेलेली, घरात हा एकटा. दादाच्या कॅमेऱ्याने दिवसा एक रोल काढला होता. रस्ता, जिना, दुकानं, असलंच काहीतरी. दादाने शिकवलं तसा एक तरी रोल नीट धुवायचा, म्हणजे छातीवरचं ओझं उतरेल, असं त्याला वाटलं. असं कुठे ओझं उतरतं का? पण माणूस काहीतरी करत राहतो.

बाटल्यांवर मोठ्या अक्षरात नावं चिकटवली. फोन बंद केला. कॅमेरा कव्हरात घालून बटण लावलं आणि बाहेर टेबलावर ठेवला. बाथरूमच्या दाराखाली चादर कोंबली, दिवा घालवला. मिट्ट काळोख. फिल्म डबीतून बाहेर काढली.

आणि बाहेरून आवाज आला.

घर्रर्र...

टक.

बटण लावलेल्या कव्हराच्या आतून? त्याने स्वतःची समजूत घातली, फ्रिज असेल. दार उघडता येत नव्हतं. उघडलं की उजेड, आणि उघडी फिल्म गेली. तो तसाच उभा राहिला.

घर्रर्र...

या वेळी आवाज दाराला लागून आला.

टक.

"कोण आहे?"

...

"वहिनी?"

...

फिल्मचं टोक रीलमध्ये जाईना. घामाने बोटं घसरत होती. एकदा वाकडी गेली. दुसऱ्यांदा गेली. आणि मग...

त्याच्या बोटांवर बोटं आली.

गार. ओली. नदीतून काढल्यासारखी.

ती बोटं मारत नव्हती. आवळत नव्हती. त्याचा अंगठा काठावर नेऊन ठेवला. पोटापासून बाजूला. मग रील फिरवलं. हळू. पुन्हा हळू. तो मला म्हणाला, "काका, रागावली असती ती बोटं तर मी सहन केलं असतं. पण ती मला शिकवत होती."

तो रडत होता. "दादा... चुकलो रे."

बोटं थांबली.

...

मग गेली.

डब्याचं झाकण लागल्यावर त्याने दिवा लावला. बाथरूममध्ये कोणी नव्हतं. दाराखाली चादर जशीच्या तशी. तरीही त्याने रोल धुतला. आधी डेव्हलपर, मग फिक्सर, मग पाणी. एक चूक नाही. पहिल्यांदाच काही सावकाश केलं असेल त्याने.

फिल्म वर धरली.

कोरी.

रस्ता नाही. जिना नाही. एकही दुकान नाही. कडेचे आकडे मात्र काळेभोर, ठसठशीत. धुणाऱ्याची चूक नाही...

लेन्सवर झाकण ठेवून काढल्यासारखा अख्खा रोल.

तो बाहेर आला. कॅमेरा टेबलावरच. कव्हराचं बटण लावलेलं. त्याने ते उघडलं.

लेन्सवर झाकण होतं.

काळं. गोल. घट्ट बसलेलं. त्याने ओढून काढलं तेव्हा आतून पाणी सांडलं, आणि टेबलावर चिमूटभर वाळू.

उजाडायच्या आत तो वहिनींच्या दारात होता. सगळं सांगितलं. बाटली, फोन, खोटं, सगळं. पायच धरायचे बाकी ठेवले. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे मला काच दिसली होती, ती खरीच."

"हो, वहिनी."

"आणि ते माझ्या शेजारी उभे होते. नीट. काही न विसरता."

"हो."

"आणि मी दोन महिने त्यांच्या हार घातलेल्या फोटोशी भांडतेय, भावोजी. वेंधळे म्हणतेय त्यांना." एवढं बोलून त्या रडल्या. फोटो परत मिळणार नव्हता, तो कायमचाच गेला. तुम्हाला काय वाटलं, शेवटी फोटो उमटेल? नाही उमटला. पटपट अजूनही त्यांच्या नजरेला नजर देऊन बोलत नाही. लिफ्टचं काम मात्र आता इतकं सावकाश करतो, की लोक तक्रार करतात.

ते झाकण वहिनींनी ठेवून घेतलं. त्या कोऱ्या पट्टीशेजारी, कपाटात, त्याच साडीवर. नोव्हेंबरात वर्ष होईल. गेल्या रविवारी मी भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्यांनी कपाट उघडून मला हात लावून बघायला सांगितलं.

जवळजवळ वर्षभर उन्हाच्या बाजूच्या कपाटात पडून आहे ते. साडीवर त्याच्याखाली गोल डाग पडलाय.

अजून ओलं आहे.