रबाबने अंगावर घेतलेलं वाक्य

लहानगी लमा भाताचा घास चघळत सहज म्हणाली, "आज शाळेत बाईंनी विचारलं, टीव्हीवर राष्ट्राध्यक्ष साहेबांचं भाषण कोणी कोणी पाहिलं? मी सांगितलं, आमच्या घरी म्हणाले, बंद कर तो ढोल!"

...आणि ताटांवरचे सगळे हात जागच्या जागी थांबले!

तिच्या बापाचा, नदीमचा, चेहरा पांढराफटक पडला. ते वाक्य त्याचंच होतं, आणि याहून साध्या वाक्यांसाठी सीरियातल्या त्या अलेप्पो शहरातली माणसं नाहीशी झाली होती!

"कोण म्हणालं, ते सांगितलंस?" त्याने कसंबसं विचारलं.

"बाईंनी विचारलंच नाही. त्या नुसत्या गप्प बसल्या."

नदीमची बायको सौसन एकदम नणंदेवर, रबाबवर, उसळली, "आता उरलेलं तुम्ही बैठकीत सांगून या, वन्सं! पक्षाचा बिल्ला उगाच का मिरवता छातीवर?"

रबाबचं काळीज चिरत गेलं... गुप्त पोलिसांनी वडिलांना नेलं, ते परतलेच नाहीत, तेव्हा या घरावर पुन्हा संशयाची नजर पडू नये म्हणूनच तिने त्या सत्ताधारी पक्षात नाव घातलं होतं, त्यापायी ठरलेलं लग्न मोडू दिलं होतं, आणि ज्यांच्या सावलीचाही तिला तिटकारा होता त्यांच्यासाठी बैठकीमागून बैठकीत टाळ्या पिटल्या होत्या. आणि तिच्याच माणसांनी तिला हेर समजावं! नदीमही खाली मान घालून बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराशी गुप्त पोलिसांची जीप थांबली.

"ढोल कोण म्हणालं?" आत आलेल्या दोघांपैकी जाड्याने हसत विचारलं.

नदीम जागचा उठला. तोच ओले हात पुसत रबाब स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"मी म्हणाले."

"तुम्ही? पक्षाच्या सभासद?"

"टाळ्या वाजवून हात दुखत होते, साहेब... गेलं तोंडातून."

"बाप कुठे गेला, ठाऊक आहे ना, बाई?"

"ठाऊक असतं, तर भेटून आले नसते का?"

जाड्याचं हसू मावळलं. नदीम पुढे सरसावला, "ताई, तू..."

"नदीम, लमाला आत ने!" रबाबचा स्वर कापरा होता, पण थोरल्या बहिणीचा होता. "लेकरू घाबरलंय."

आणि नदीमने मुलीला उचललं... तो आत गेला! त्या क्षणाची लाज त्याला पुढे कधीच झोपू देणार नव्हती.

रबाबला जीपमध्ये घालून नेलं. सौसन उबदार कपडे घेऊन कितीदा तरी तुरुंगाच्या फाटकाशी गेली. दर वेळी पहारेकऱ्याने तिला हाकलून लावलं. लमा शाळेत जाई, पण घरी आल्यावर कुणाशीच बोलेनाशी झाली.

दोन हिवाळे गेल्यावर एका दुपारी रबाब दारात उभी राहिली. केस पांढरे, एक हात लुळा, बिल्ला नाही. सौसनने तिला धरून आत आणलं, न्हाऊ घालायला बसवलं... आणि पाठीवरचे वळ पाहताच तिने पायांवर लोळण घेतली, "वन्सं! तुम्हाला काय काय बोलले हो मी... माझी जीभ झडली का नाही!"

ती हंबरडा फोडणार, तोच रबाबने धड हाताने तिचं तोंड दाबलं. डोळ्यांत जुनंच भय होतं.

"हळू, सौसन... भिंतीपलीकडे ऐकू जाईल."

मग त्या दोघी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून रडल्या... आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या नदीमलासुद्धा आवाज आला नाही.